बाबू गेनूचे साक्षीदार आणि मी

आज 12 डिसेंबर. सकाळपासून व्हॉट्सॲपवर तीन ग्रुपवरून एकच चित्र आलं. पांढरी टोपी घातलेला तरुण रस्त्यावर आडवा, अंगावर येणारा ट्रक, खाली "हुतात्मा बाबू गेनू यांना शत शत नमन". दरवर्षी मी ते पुढे ढकलतो. यंदा बोट तिथंच थांबलं. का थांबलं ते लिहितो आहे. पोस्ट लांब आहे, पण अधिवेशनामुळे आज बर्डीकडे जायची सोय नाहीच, तेव्हा घरी बसून वाचा राजेहो.

1930 चा 12 डिसेंबरही आजच्यासारखा शुक्रवारच होता. मुंबईत काळबादेवी रस्त्यावर, भांगवाडीजवळ, विलायती कापडाने भरलेला ट्रक अडवायला स्वयंसेवक आडवे पडत होते. माल जॉर्ज फ्रेझियर नावाच्या मँचेस्टरवाल्या व्यापाऱ्याचा. पोलीस एकेकाला उचलून बाजूला टाकत होते, ते परत येत होते. बाबू आडवा पडला आणि ट्रक थांबला नाही. त्याच दिवशी तो दवाखान्यात गेला. वय 22.

एवढं सगळ्यांना माहीत असतं. चौथीच्या पोरालाही. पण ट्रकच्या आधीची 22 वर्षं कुणाला विचारा. मीही अवांतर वाचलं तेव्हाच कळलं, आणि तेही फार नाही, कारण गरिबाच्या घरी कागद कमीच असतात. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे गाव. कोरडवाहू शेती, वडील लहानपणीच गेलेले. आई कोंडाबाई पोटासाठी मुंबईला आली, आणि पोरगाही गिरणीत लागला. झालं. एका ओळीत बसणारं चरित्र, कारण तशी लाखभर चरित्रं त्या गिरणगावात होती. कोकणातून आलेले, सातारा-पुण्याच्या घाटावरून आलेले. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे. गिरणीच्या फाटकावर पहाटे "बदली" म्हणून उभे राहायचे. कायमचा कामगार गैरहजर असला तर आत, नाहीतर आल्या पावली घरी. म्हणजे आपल्या चौकातला सकाळचा ठिय्या, फक्त भोंगा वेगळा. आणि मुंबईकरांनी या घाटावरच्या माणसांना नाव काय ठेवलं होतं? "घाटी". आजही शिवी म्हणून वापरतात. ज्याच्या नावाने आज आपण नमन करतो तो त्या शहराच्या लेखी बाहेरून आलेला घाटी होता, ही गोष्ट त्या चित्रात कुठंच नसते.

1928 साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या, तेव्हा तो 20 वर्षांचा. 1930 मध्ये वडाळ्याच्या मिठागरावरच्या सत्याग्रहात तो होता, तुरुंगातही जाऊन आला. कुणी पुढारी नाही, भाषण नाही, लिहून ठेवलेलं पत्र नाही. आपण ज्याला आज "लेबर" म्हणतो ना, तो.

आता मुद्द्याचं. सरकारने काय म्हटलं? अपघात. पोरगा गाडीखाली आला. मग तो अपघात का राहिला नाही? कारण काळबादेवीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना लोक उभे होते. दुकानदार, हमाल, गिऱ्हाईक. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं. गाडी गोऱ्या सार्जंटने चालवली, थांबवता येत होती, थांबवली नाही. संध्याकाळपर्यंत ते शहरभर झालं आणि अंत्ययात्रेला मुंबई लोटली. त्या बघ्यांची नावं इतिहासात नाहीत. पण ते गप्प बसले असते तर बाबू गेनू सैद हा पोलीस डायरीतला एक नंबर होता.

(नावाचं म्हणाल तर नंतर आपण त्याच्या नावाची काटकसर केली नाही. पुण्यात चौक आहे, गणपती मंडळ आहे. त्याच्याच तालुक्यात डिंभे धरण झालं, त्या जलाशयाला "हुतात्मा बाबू गेनू सागर" नाव दिलं. त्या पाण्याखाली आदिवासींची गावं गेली. मुंबईत माझगावला महापालिकेच्या बाबू गेनू मंडईची इमारत होती, वर कर्मचाऱ्यांची घरं. 27 सप्टेंबर 2013 च्या सकाळी ती कोसळली आणि 61 माणसं मेली. मी यात कुठला संकेत-बिंकेत शोधत नाही. फक्त एवढंच दिसतं की नाव लावणं स्वस्त असतं.)

आता नागपूरला येतो.

आमच्या लेआउटमध्ये माझ्या घराच्या अगदी बाजूच्या प्लॉटवर मागच्या दिवाळीच्या आधी बांधकाम सुरू झालं. चार मजली फ्लॅट स्कीम. ज्यांच्या बाजूला स्कीम झाली आहे त्यांना सांगायला नको. रेती रस्त्यावर, गिट्टी आपल्या गेटसमोर, मिक्सर सकाळी सातला. मी वैतागलेला. या सगळ्यात पाणी मारायचं काम एका पोराकडे होतं. एकोणीस वर्षांचा, काटक, कानात नेहमी इअरफोन. पाइप धरून स्लॅब भिजवायचा, मधल्या वेळात मिस्त्रीच्या हाताखाली. रोजी सहाशे. माझ्या गेटशी येऊन म्हणायचा, "काका, थंडं पाणी भेटन का?" एवढं साफ नागपुरी बोलायचा की मला महिनाभर तो भंडारा-गोंदियाकडचा वाटला. मग एक दिवस त्याचा डबा बघितला. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा, मिरची. "बासी आहे काका, आमच्या छत्तीसगढात हेच खातेत उन्हाळ्याचं."

आमच्या छत्तीसगढात! पोरगा जन्मला डागा दवाखान्यात, वाढला पारडीकडच्या झोपडपट्टीत. गावी उभ्या आयुष्यात चारदा गेला असेल, शिवनाथ एक्सप्रेसने, जनरल डब्यात. आजा आला होता नागपूरला गवंड्याच्या हाताखाली, बाप लहान असतानाच. आता बाप हैदराबादला कामावर, आई इथंच रेजा म्हणून विटा उचलते. तीन पिढ्या याच शहराच्या भिंती बांधतात आणि तरी "कुठले?" विचारलं की छत्तीसगढचे.

इथं थोडा आडवा जातो, कारण ही गोष्ट नागपुरातल्या माणसाने तरी विसरू नये. छत्तीसगढ भोसल्यांच्या नागपूर राज्यात होतं. मग मध्य प्रांतात आलं, राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, राजधानी नागपूरच. रायपूर-बिलासपूरच्या माणसाचं हायकोर्ट इथं, सचिवालय इथं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपली राजधानी गेली. 1953 च्या नागपूर करारात ठरलेलं तेवढं एक अधिवेशन आपल्या वाट्याला राहिलं, जे आत्ता सुरू आहे आणि ज्यामुळे तुम्ही घरी बसून हे वाचताय. ज्या फेररचनेने आपल्या हातात हिवाळी अधिवेशन ठेवलं, तिनेच रायपूरच्या माणसाला नागपुरात परप्रांतीय केलं. तो हलला नाही, रेघ हलली. एम्प्रेस मिल 1877 ला सुरू झाली, 2002 ला बंद झाली. तिथं, रेल्वेत, विड्यांच्या कारखान्यांत, गिट्टीखदानींत कोण कोण कुठून आलं ते मोजायला बसलो तर आपल्यातले किती जण "मूळ नागपूरकर" उरतील? माझा आजा स्वतः बालाघाटकडून आला. आम्हाला कुणी परप्रांतीय म्हणत नाही, कारण आम्ही मराठी बोलत आलो. तो पोरगाही मराठीच बोलत होता की.

तो नववीत शाळा सोडून कामाला लागला. मी विचारलं, काहून? म्हणाला, जातीचा दाखला बनला नाही, स्कॉलरशिप भेटली नाही, मग मन उडालं. अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 चा इथला रहिवासाचा पुरावा लागतो. आजा आला त्यानंतर. मग दाखला गावाकडून आणा, आणि गावचा दाखला इथं सवलतीला चालत नाही. मन उडालं असं तो म्हणाला, मी म्हटलं, आजकालच्या पोरांना शिकायचं नसते. हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं. तो हसला.

मे महिन्यात, नवतपा लागलेला. दुपारचे साडेतीन. मी कूलरसमोर आडवा. बाजूला आरडाओरडा झाला. खाली गेलो तर पोरगा पाण्याच्या मोटरजवळ पडलेला, पायाखाली चिखल, पाइप तसाच वाहत होता. करंट लागला होता. ऑटोत घालून नेलं, पण मला वाटतं तो तिथंच गेला होता.

ती वायर मी रोज बघत होतो. माझ्या कंपाउंडच्या भिंतीवरूनच गेली होती ती. तीन जागी जोड, वर टेप गुंडाळलेली, पाण्यातून ओढलेली. मी मुकादमाला एकदा बोललोही होतो. काय बोललो? "वायर माझ्या भिंतीवरून काढा, डाग पडतात."

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला पोलीस आले. ठेकेदाराचं म्हणणं असं की हा आमच्याकडे कामाला नव्हताच, ओळखीच्या मजुराला भेटायला आला होता, पाणी प्यायला मोटरजवळ गेला. हे त्याने सगळ्यांदेखत, माझ्या गेटसमोर उभं राहून सांगितलं. बाकीचे मजूर खाली बघत होते. त्यांना उद्या त्याच्याकडेच कामाला यायचं होतं. मग मला विचारलं, तुम्ही शेजारी, हा इथं कामाला होता का?

मी म्हणालो, "तसं नक्की नाही सांगता येणार. बरेच जण येतात-जातात."

आठ महिने ज्याला रोज थंड पाण्याची बाटली देत होतो त्याच्याबद्दल मी हे बोललो. का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. भीती होती म्हणावं तर कुणी धमकावलं नव्हतं. कोर्टकचेरी नको, शेजाऱ्याशी वाकडं नको, जाणारा गेला. अशी वाक्यं आपल्या डोक्यात तयारच असतात, बाहेर यायला वेळ लागत नाही. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. क्रियाकर्माला म्हणून आईच्या हातात तीस हजार ठेवले. स्लॅबचं काम तीन दिवस थांबलं, मग सुरू झालं. ती वायर मात्र दुसऱ्याच दिवशी बदलली होती. नवी कोरी, वर पाइप टाकून.

सरकारने अपघात म्हटलं तरी काळबादेवीच्या लोकांनी तोंड उघडलं. माझ्याकडे इंग्रज नव्हता, लाठी नव्हती, फक्त एक ठेकेदार होता आणि तोही मला "सर" म्हणणारा. आज सकाळी ते चित्र पुढे ढकलताना बोट थांबलं ते यामुळे.

कायदा काय म्हणतो ते नंतर एका वकील मित्राकडून समजून घेतलं. बांधकाम मजुरांसाठी तेव्हा 1996 चा कायदा होता, कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो. कामावर मेला तर वारसाला 5 लाख मिळतात. पण त्यासाठी नोंदणी पाहिजे आणि नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र. रोज वेगळ्या साइटवर जाणाऱ्याला 90 दिवसांचं कोण लिहून देईल? पोराची नोंदणी नव्हती. आईची आहे, पण त्या पेटीतला हेल्मेट आणि डबा सोडून तिला त्यातलं काही माहीत नाही.

दुसरा रस्ता 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा. इथं नोंदणी लागत नाही, तो कामावर होता एवढं सिद्ध व्हावं लागतं. हिशेब कायद्यातच दिलेला आहे. पगाराचा अर्धा भाग गुणिले वयाचा आकडा. पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, त्याचे निम्मे 7,500. एकोणीस वर्षांना आकडा 225.22. गुणाकार करा, 16,89,150 रुपये. दावा करायला दोन वर्षांची मुदत. आता चार श्रमसंहिता आल्या आहेत, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू, पण हा मृत्यू मेमधला, त्यामुळे जुनाच कायदा, असं मित्र म्हणतो. म्हणजे ठेकेदाराच्या त्या एका वाक्याची, "आमच्याकडे कामाला नव्हताच", किंमत साधारण सोळा लाख नव्वद हजार आहे. आणि माझ्या वाक्याचीही तेवढीच.

हे एकट्या आमच्या लेआउटचं नाही. 2020 च्या मे महिन्यात पांजरी टोल नाक्यावर आपल्यातले कितीतरी जण पुऱ्या-भाजी घेऊन उभे होते, मीही होतो. ट्रकच्या टपावर बसून, पायी चालत, पोरं खांद्यावर घेऊन माणसं उत्तरेकडे जात होती. त्याच महिन्यात 8 तारखेला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यातून मध्य प्रदेशात घरी निघालेले. तेव्हा आपण सगळे हळहळलो. आणि सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न विचारला गेला, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं उत्तर, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. तेव्हा मी फेसबुकवर फार संतापून लिहिलं होतं, जुन्या मित्रांना आठवत असेल. दोनशेच्या वर लाइक होते. पाच वर्षांनी माझ्या दारात एक मेला तेव्हा मीही तेच उत्तर दिलं. माझ्याकडे माहिती नाही.

दिवाळीनंतर त्याची आई आली होती. गेटबाहेरच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, "भैया, आप तो रोज देखते थे ना उसको. पानी देते थे. घर में बताता था वो."

घरी सांगायचा तो.

त्या रात्री मी मोबाइलमधले जुने फोटो काढले. रेती रस्त्यावर टाकतात म्हणून तक्रार करायला मी तेव्हा फोटो काढत होतो, सकाळ-संध्याकाळ, रागारागात. बहात्तर फोटो निघाले, तारीख-वेळेसकट. त्यातल्या एकोणीस फोटोंत तो आहे. कुठे पाइप धरून, कुठे सिमेंटची पोती उतरवताना, एकात माझ्या गेटला टेकून बाटलीने पाणी पितो आहे. पहिला फोटो नोव्हेंबरचा, शेवटचा मेमधला, तो गेला त्याच्या चार दिवस आधीचा. मिक्सरवर ठेकेदाराचं नाव रंगवलंय तेही मागे दिसतं. मी तक्रार केली होती रेतीची.

येत्या सोमवारी मी त्याच्या आईसोबत वकिलाकडे जातो आहे. पहिला जबाब चुकीचा होता हे शपथपत्रावर लिहून देणार. वकील म्हणाला, उलटतपासणीत तुम्हाला विचारतील, तेव्हा खोटं का बोललात? विचारू द्या.

आमच्या लेआउटमधल्या लोकांना एक विनंती आहे, विशेषतः आमच्या गल्लीतल्या. नोव्हेंबर ते मे या काळात तुमच्याकडे साखरपुडा, वाढदिवस, होळी, काहीही झालं असेल आणि फोटोत मागे ती स्कीम आली असेल, तर एकदा बघा. निळी टी-शर्ट, पाठीवर 18 नंबर, कानात इअरफोन. चेहरा पुसट असला तरी चालेल, तारीख पाहिजे. इनबॉक्समध्ये टाका, इथं कमेंटमध्ये टाकू नका. त्याचं नाव मी इथं लिहिलेलं नाही, तुम्हीही लिहू नका. ते सोमवारी कागदावर लिहायचं आहे.